गाठ काढली, लाईट संपली. पुढच्या वर्षांचं काय?

नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, २०१८ चा मे महिना. वडगावच्या कासारणीनं बांगड्या भरायला माझा डावा हात घेतला, दाबून बघितला, सोडला आणि परत घेतला. "बाई, उजव्या हातात सव्वादोनची सरळ जातीया की. डाव्यात का अडकालीया?" शेवटी तिनं डाव्या हातात अडीचच्या भरल्या आणि पुढच्या बाईकडं वळली.

डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. किमो संपली होती, लाईट संपली होती. रेडिएशनला आमच्याकडं सगळे लाईटच म्हणतात. केस परत आले होते, शाळा सुरू झाली होती. भेटेल तो विचारायचा, "आता बरी झालीस न्हवं?" मी हो म्हणायची. हात संध्याकाळी जड होतो हे मला महिनाभर जाणवत होतं, खरं घरात कुणाला बोलले नव्हते. उपचार संपले म्हणजे तक्रारीही संपायला हव्यात, असं मीच ठरवून बसले होते.

मी डॉक्टर नाही. बेळगाव तालुक्यातल्या मराठी शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. या नऊ वर्षांत तपासणीच्या बाकावर खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडच्या कितीतरी बायका शेजारी बसल्या. बाकावर आम्ही एकमेकींना जे विचारतो, ते आत डॉक्टरांसमोर गेल्यावर विचारत नाही. कधी लाज वाटते, कधी कन्नड धड येत नाही, कधी मागं रांग लागलेली असते. म्हणून हा लेख. उपचारांनंतर उरलेल्या बहुतेक त्रासांना कारण असतं, वैद्यकात नाव असतं, आणि बऱ्याचशावर इलाज किंवा निदान उतारा तरी असतो. मात्र त्रास सांगितल्याशिवाय तो मिळत नाही.

हाताचं आधी सांगते, कारण त्यातलं मला सगळ्यात उशिरा कळलं.

आपल्या काखेत वाटाण्या-घेवड्याएवढ्या लसिका ग्रंथी असतात. हाताच्या मांसातून परत फिरणारं पातळ पाणी त्यांच्यातून गाळून पुढं जातं. खानापूरकडच्या बायकांना हे मी भाताच्या वाफ्यावरून सांगते. वाफ्यात पाणी जास्त झालं तर जावं म्हणून बांधाला मोऱ्या ठेवतो. त्यातल्या पाच-सहा मोऱ्या बुजल्या आणि वरून पाऊस चालूच राहिला, तर पाणी आतच तुंबणार. ऑपरेशनमध्ये काखेतल्या ग्रंथी काढल्या आणि त्यावर लाईट दिली की तसंच होतं. पाणी दुसरी वाट शोधतं. बहुतेकींच्या शरीराला ती सापडते, काहींच्या हातात ते साचतं. याला लिम्फिडिमा म्हणतात. काखेतल्या बऱ्याच ग्रंथी काढल्या असतील तर साधारण पाचांतल्या एकीला हा त्रास होतो. तपासायला एक-दोनच काढल्या असतील तर धोका पुष्कळ कमी. बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसतो, पण दहा वर्षांनीही सुरू होऊ शकतो.

डोळ्यांना सूज दिसायच्या आधी बांगडी, अंगठी, ब्लाऊजची बाही सांगते. हात भरून आल्यासारखा वाटतो, कातडी ताणल्यासारखी लागते. शिवणाची टेप घ्या. मनगट, कोपराच्या खाली चार बोटं, कोपराच्या वर चार बोटं, अशा तीन ठिकाणी दोन्ही हात महिन्यातून एकदा मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. दोन हातांत दोन सेंटीमीटरचा फरक नव्यानं दिसला तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. सुरुवातीला दाखवलं तर मापाची घट्ट बाही, शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून पट्टी बांधणं, कातडीवरून अगदी हलका हात फिरवून पाणी पुढं सारणं आणि व्यायाम, एवढ्यावर हात ताब्यात राहतो. वर्षानुवर्षं तसाच ठेवला तर आतलं मांस घट्ट होत जातं आणि मग तो पूर्वीसारखा होणं अवघड. तेल लावून जोरात रगडणं, शेकायच्या पिशवीनं शेकणं, हे या हाताला नको. माझ्या सासूबाईंनी मायेपोटी दोन्ही केलं होतं आणि दोन्ही वेळा हात वाढला.

मग त्या हातानं काम करायचं की नाही? मला डिस्चार्जच्या वेळी सांगितलं होतं, "जड उचलायचं नाही, कायमचं." पूर्वी सगळीकडं हेच सांगत. २००९ मध्ये डॉ. कॅथरीन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. हात आधीच सुजलेल्या बायकांना त्यांनी देखरेखीखाली, थोडं थोडं वाढवत वजनं उचलायला लावली. सूज त्यामुळं वाढली नाही, उलट अचानक बिघडण्याचे प्रसंग कमी झाले. यातला महत्त्वाचा भाग "थोडं थोडं वाढवत" हा आहे. सहा महिने हात गळ्यात बांधून ठेवायचा आणि एक दिवस पाण्याची भरलेली घागर उचलायची, हे वाईट. अर्ध्या लिटरच्या बाटलीपासून सुरू करून काही महिन्यांत घागरीपर्यंत जाणं चांगलं.

शेतावर जाणाऱ्यांनी कातडी मात्र फार जपायची. उसाचा पाला हाताला बारीक चिरा पाडतो, भांगलताना खुरपं लागतं, चिखलात रोप लावताना जखम कुजते. मोरी बुजलेल्या हातात जंतू शिरले की झपाट्यानं पसरतात. लांब बाहीचा जुना शर्ट आणि हातमोजे घाला. लागलं तर लगेच साबणानं धुवा. हात लाल झाला, तापला, त्यात थंडी-ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्याला अँटिबायोटिक लागतं आणि एक रात्र थांबणंही महागात पडतं. सुई किंवा बीपीचा पट्टा शक्यतो दुसऱ्या हाताला सांगा, पण एखाद्या वेळी चुकून त्या हाताला घेतलं म्हणून रात्रभर जागू नका. एका सुईनं हात सुजतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

खांदा आखडणं हा याचाच धाकटा भाऊ. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, जिथं ताण बसेल तिथं थांबायचं. स्वयंपाकघराच्या चौकटीवर आम्ही मुलाची उंची पेन्सिलनं लिहीत आलो होतो. त्याच्या शेजारी माझ्या हाताच्या खुणा सुरू झाल्या. पहिली खूण मुलाच्या सहावीतल्या उंचीला होती. फळीवरचा मसाल्याचा डबा डाव्या हातानं काढायला मला अकरा आठवडे लागले.

आता थकवा. हा थकवा कामाचा थकवा नव्हे. रात्रभर झोपूनही सकाळी दळणाचा डबा उचलावासा वाटत नाही. घरची माणसं म्हणतात, पडून राहा. आपणही पडून राहतो आणि आणखी गळून जातो. विचित्र वाटेल, पण या थकव्यावर सगळ्यात जास्त पुरावा चालण्याचा आहे. आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. पहिल्या आठवड्यात मी टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जाऊन दहा मिनिटांत बाकावर बसले होते. दहाची बारा, बाराची पंधरा मिनिटं करत गेले. चालायच्या आधी मात्र हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. त्यातलं काही बिघडलेलं असेल तर नुसत्या चालण्यानं भागणार नाही. आणि दिवसातली ताकद पुरवून वापरायची. बेळगावातल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं तेव्हा कोणती बादली कशाला, हे आपण आधीच ठरवतो. तशी सकाळची ताकद सगळ्यात गरजेच्या एका कामाला द्यायची, बाकीचं दुपारी किंवा दुसऱ्याकडं.

विसरायला होतं, हेही खरं. हजेरी घेताना चौथीतल्या एका मुलीचं नाव माझ्या जिभेवर येईना. दोन वर्षं माझ्याच वर्गात असलेली पोर. ती उभी राहिली, मी वहीत बघितलं आणि फळ्याकडं तोंड फिरवलं. घरी येऊन खूप रडले, मेंदूतच पोचला म्हणून. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. किमो, अपुरी झोप, अचानक आलेली पाळीबंदी, काळजी, या सगळ्यांमुळं लक्ष आणि आठवण मंदावते, आणि बहुतेकींची वर्षभरात पुष्कळ सुधारते. वहीत लिहून ठेवायचं, एका वेळी एकच काम करायचं आणि झोप सुधारायची. त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं की बाईंना औषधामुळं विसरायला होतं. तिनं मान हलवली आणि त्या दिवसापासून हजेरीला स्वतःचं नाव आधीच मोठ्यानं म्हणू लागली.

पॅक्लिटॅक्सेलसारखी किमो घेतलेल्यांच्या पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात. गणपत गल्लीत भर गर्दीत माझ्या पायातली चप्पल मागं राहिली आणि मला कळलंच नाही. एका भाजीवालीनं हाक मारली, "ओ बाई, चप्पल!" महिन्यांमध्ये हे कमी होतं, काहींना थोडं राहून जातं. साखरेचा आजार असेल तर जास्त. मागं पट्टा असलेली चप्पल घ्या, अंघोळीचं पाणी कोपरानं बघा, रात्री तळपाय उजेडात तपासा. काटा रुतलेला कळत नाही. जळजळ फार असेल तर त्यासाठी गोळ्या आहेत, सहन करत बसू नका.

हृदयाचं थोडक्यात सांगते. लाल रंगाची किमो, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, किंवा ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शनं घेतली असतील तर हृदयाची ताकद कमी होऊ शकते, कधी काही वर्षांनी. जिना चढताना नव्यानं धाप लागली, आडवं झाल्यावर गुदमरलं, पाय सुजले, तर "वय झालं" म्हणू नका. कोणती किमो घेतली होती ते सांगा, हृदयाची इको तपासणी करून घ्या.

आता रोजच्या गोळीकडं येते, कारण इथं बायका स्वतःचं नुकसान करून घेतात. स्तनाच्या कॅन्सरपैकी बरेचसे शरीरातल्या इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसतात. रिपोर्टवर ईआर पॉझिटिव्ह लिहिलेलं असतं ते हेच. अशांना टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल यांपैकी गोळी पाच वर्षं, काहींना दहा वर्षंही देतात. टॅमॉक्सिफेन त्या हार्मोनला पेशीच्या दारातच अडवतं. लेट्रोझोल पाळी गेलेल्या बाईच्या शरीरात ते हार्मोन तयारच होऊ देत नाही. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलेल्या अशा बायकांमध्ये या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाल्याचं मोठमोठ्या अभ्यासांतून दिसलं आहे. एवढी साधी, छोटी गोळी. आणि तीच बायका दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सोडतात. "बरी झाले की आता" म्हणून, अंगातून वाफा येतात म्हणून, सांधे धरतात म्हणून. बाकावर भेटलेल्या निपाणीच्या एका विडी वळणाऱ्या बाईंनी लेट्रोझोल चार महिने बंद ठेवलं होतं. सकाळी बोटंच वळत नव्हती, विड्या कशा वळणार? त्यांचं दुखणं खरं होतं. डॉक्टरांना सांगितल्यावर गोळी बदलून मिळाली, व्यायाम मिळाला, काम परत सुरू झालं. चार महिने ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

तेव्हा गोळी मनानं बंद करू नका, त्रास सांगा. वाफांसाठी सुती कपडे, रात्री उशाशी पाणी, तिखट आणि गरम चहा कमी करून बघणं हे आहेच. त्याशिवाय हार्मोन नसलेली औषधंही आहेत. एक सावधगिरी: मन उदास असतं म्हणून दिल्या जाणाऱ्या फ्लुओक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन या गोळ्या टॅमॉक्सिफेनचं काम कमी करू शकतात. दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलात तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे आधी सांगा, ते दुसरी गोळी देतील. हळदीच्या कॅप्सूल, काढे, पुड्या घेत असाल तर तेही लपवू नका. आमटीतल्या चिमूटभर हळदीबद्दल मी बोलत नाही. पाळी गेल्यावर टॅमॉक्सिफेन घेताना अंगावरून रक्त गेलं तर ताबडतोब दाखवा, गर्भाशयाचं अस्तर तपासावं लागतं. एका पोटरीला सूज येऊन दुखू लागली तर रक्ताची गाठ असू शकते, तेव्हाही थांबू नका. लेट्रोझोलच्या गटातल्या गोळ्यांनी हाडं विरळ होतात. म्हणून हाडांची डेक्सा तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि चालणं. नाचणीची आंबील आपल्याकडं आहेच.

खाण्याबद्दल एवढंच सांगते, कारण याच्यावर शेजारपाजारचे लोक सगळ्यात जास्त बोलतात. साखर खाल्ली म्हणून कॅन्सर परत येतो असं नाही. सणाला कुंदा खाल्ल्यानं काही होत नाही. वजन वाढत राहणं मात्र चांगलं नव्हे, आणि उपचारांनंतर ते बऱ्याचदा वाढतं. भाकरी, पालेभाजी, डाळी, उसळी, ताक, हे आपलं जेवण चांगलं आहे. उपासतापास करून, फक्त रस पिऊन कॅन्सर दूर ठेवतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.

आणि मग भीती. कंबर दुखली की हाडात आला. खोकला आला की फुफ्फुसात आला. तपासणीच्या आधीचा आठवडा झोप लागत नाही. पहिली दोन वर्षं मी रोज रात्री दुसऱ्या स्तनाला दाबून बघायची. इतकं की तिथं दुखायला लागलं आणि त्या दुखण्यालाही भ्यायले. ही भीती बहुतेक सगळ्यांना असते, तिच्यामुळं आपण दुबळ्या ठरत नाही. मला उपयोगी पडला तो डॉक्टरांनी दिलेला दोन आठवड्यांचा हिशोब. नवं दुखणं आलं तर तारीख लिहायची. पुसट होत गेलं तर सोडून द्यायचं. दोन आठवडे टिकलं किंवा वाढलं तर दाखवायचं. पण काही गोष्टींना दोन आठवडेही द्यायचे नाहीत: व्रणावर, छातीवर किंवा काखेत-मानेत नवी गाठ, दम लागणं, कावीळ, फिट, पायातली ताकद जाणं.

तपासण्यांचं वेळापत्रक साधारण असं असतं. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांनी हातानं तपासायचं, चौथ्या-पाचव्या वर्षी सहा ते बारा महिन्यांनी, पुढं वर्षाला एकदा. उरलेल्या स्तनाचा मॅमोग्राम, म्हणजे एक्स-रे, वर्षातून एकदा. बायका विचारतात, "मग पेट स्कॅन का नाही लिहून देत? पैसे वाचवतात काय?" काहीही लक्षण नसताना दरवर्षी पेट स्कॅन, हाडांचा स्कॅन केल्यानं आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. खर्च होतो, किरणं लागतात आणि नसत्या डागांमागं महिने जातात. म्हणून जगभरचे मार्गदर्शक नियम ते सांगत नाहीत. हे मला पटायला वेळ लागला. आपल्यासाठी काहीतरी राहून जातंय असंच वाटायचं.

ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू या तिन्ही चाचण्या निगेटिव्ह आलेल्या प्रकारात परत येण्याचा धोका बहुतांशी पहिल्या काही वर्षांत असतो आणि नंतर उतरत जातो. हार्मोनवर पोसणाऱ्या प्रकारात तो लहान असला तरी लांबवर रेंगाळतो. म्हणूनच गोळी लांबवर असते. आपला प्रकार कोणता हे विचारून घ्या. शेजारणीचं ऐकून घाबरण्यात अर्थ नाही, तिचा आजार वेगळा असू शकतो.

भीती आणि उदासी यांत फरक आहे. दोन आठवडे जवळजवळ रोज मन खिन्न, कशातच रस नाही, पहाटे तीनला जाग, जेवण नको, आपण घरावर ओझं आहोत असं वाटणं, हा आजार आहे आणि त्यावर औषध आणि बोलणं दोन्ही लागू पडतं. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फुकट नंबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे. भाषा निवडता येते, मराठीही आहे. धारवाडला मानसिक आरोग्याची डिमहान्स ही मोठी सरकारी संस्था आहे. जीव द्यावासा वाटत असेल तर आत्ताच, घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून, फोन लावा.

शरीराकडं बघणं ही गोष्ट वेगळीच अवघड. मी सहा महिने आरशासमोर पदर काढला नाही. ऑपरेशनची बाजू सपाट राहिली की पदर घसरतो, आणि दुसरी बाजू जड असेल तर खांदा झुकून पाठही दुखते. सिलिकॉनचा स्तन मिळतो, पण महाग पडतो. सुती कापडाची पिशवी शिवून, आत कापूस आणि वजनाला थोडी मोहरी भरूनही चालतं. आमच्या शिंपीणबाईंना सांगताना मला घाम फुटला होता. त्यांनी काही विचारलं नाही, अस्तराच्या आत खिसा शिवला आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी सगळ्या ब्लाऊजना लावून देतो, सांगायचं न्हाई परत." स्तनाची पुनर्रचना करणारी शस्त्रक्रियाही असते आणि ती वर्षांनंतरही करता येते. विचारायला लाजू नका. नको असेल तर तेही तितकंच ठीक.

नवरा-बायकोचं बोलू. किमो आणि गोळ्यांनी योनीमार्ग कोरडा पडतो, संबंध दुखतात, इच्छा जाते. नवऱ्याला वाटतं हात लावला तर दुखेल, बायकोला वाटतं मी नकोशी झाले, आणि दोघं पाठ करून झोपतात. वर्षानुवर्षं. माझ्या घरात चौदा महिने असंच चाललं, आणि शेवटी ह्यांनीच अंधारात विचारलं, "तुला दुखवतोय काय गं मी?" औषधाच्या दुकानात हार्मोन नसलेलं, पाण्याचं जेल मिळतं, त्यानं बराच फरक पडतो. खोबरेल तेल लावणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तेलानं निरोध फाटतो. पाळी थांबली म्हणून दिवस जाणारच नाहीत असं समजू नका. टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भ राहणं धोक्याचं आहे. गर्भनिरोधक हार्मोनच्या गोळ्या आपल्याला चालत नाहीत, तांबी चालते. आणि ज्या तरुण मुलींना मूल हवं आहे त्यांच्यासाठी चांगली बातमी आहे. २०२३ मध्ये आलेल्या पॉझिटिव्ह नावाच्या अभ्यासात, दीड ते अडीच वर्षं गोळी घेऊन मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं दोन वर्षांपर्यंत थांबवून गरोदर राहणाऱ्यांमध्ये, पुढच्या तीन-साडेतीन वर्षांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. हे आपल्या मनानं करायचं मात्र नाही.

मुलींचा प्रश्न प्रत्येक बाईच्या पोटात असतो. शंभरातले पाच ते दहाच स्तनाचे कॅन्सर थेट आईवडिलांकडून आलेल्या जनुकामुळं होतात. आपल्याला कमी वयात झाला असेल, ट्रिपल निगेटिव्ह असेल, घरात आणखी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा झाला असेल, तर बीआरसीए या जनुकांच्या तपासणीबद्दल विचारा. लग्नाच्या बोलणीत अडेल म्हणून आजार लपवून ठेवला, तर मुलीला चाळिशीच्या आधी तपासून घेण्याची संधीच जाते. मी माझ्या भाचीला सगळं सांगितलं आहे.

आता सीमाभागाची अडचण. कुणाचं ऑपरेशन बेळगावात, लाईट मिरजेच्या सिद्धिविनायकमध्ये किंवा कोल्हापुरात, कुणी मुंबईच्या टाटात, कुणी हुबळी-नवनगरच्या कॅन्सर संस्थेत, कुणी बेंगळूरच्या किदवाईत. कागद इंग्रजीत, आशाताई कन्नड बोलणारी, आपण मराठी. एका ठिकाणी तर माझी जुनी फाईल न बघता मला पहिल्यापासून सगळं विचारलं आणि मी किमोचं नाव सांगू शकले नाही. त्यानंतर मी शंभर पानी वही केली. पहिल्या पानावर आजाराचा प्रकार, ऑपरेशनची तारीख, किमोची नावं, लाईट कोणत्या बाजूला, कोणती गोळी कधीपासून. औषधांची नावं इंग्रजीत रिपोर्टवरून उतरवायची, तक्रारी आपल्या मराठीत लिहायच्या, आणि तीन महत्त्वाचे प्रश्न शाळेतल्या कुणा पोराकडून कन्नडमध्ये लिहून घ्यायचे. प्रश्न तीनच. चौथ्याला वेळ मिळत नाही.

बेळगावात केएलई संस्थेचं मोठं कॅन्सर रुग्णालय जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते सुरू झालं, त्यामुळं निदान काहींचा प्रवास कमी होईल. कर्नाटकात रेशनकार्डावर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं आणि त्यावरून दोन्ही सरकारांत वाद झाला. त्या वादात आपण अडकायचं नाही. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठायचं आणि आज काय मिळतं ते विचारायचं. रोजची गोळी जनऔषधी केंद्रात मिळते का बघा, फरक बराच पडतो. कर्नाटकात सरकारी साध्या बसमधून बायकांना २०२३ पासून शक्ती योजनेत फुकट जाता येतं, म्हणून हुबळीची तारीख पैशासाठी चुकवायचं कारण उरलेलं नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर मी पुढची तारीख लिहिते. वही आणि फाईल दोन्ही देवघराखालच्या कपाटात, डाव्या बाजूला असतात. हे आधी फक्त मला माहीत होतं. गेल्या गणपतीत मुलाला ते कपाट उघडून दाखवलं, एकेक कागद कशाचा ते सांगितलं. तुमच्याही घरात दुसऱ्या एका माणसाला ते माहीत असू द्या.